संगणकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम आणि व्यवसायनिवड : आंबागड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड हे गाव तेथील किल्ल्यामुळे परिचित आहे. भातशेती आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी हे या परिसराच्या उपजीविकेचे महत्त्वाचे आधार होत. येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘संगणक शिकणे’ म्हणजे बहुधा एमएस-सीआयटी उत्तीर्ण होणे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता खेड्यापाड्यांत पोहोचविली, हे निर्विवाद आहे. तथापि साक्षरता व शास्त्र यांतील भेद स्पष्ट न झाल्यास व्यवसायनिवड चुकण्याचा संभव असतो.

साक्षरता आणि शास्त्र :
साक्षरता उपकरण वापरावयास शिकविते. शास्त्र समस्या सोडविण्याची रीत शिकविते. उदाहरणार्थ, अकारविल्हे लावलेल्या १००० नावांच्या नोंदवहीत एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्यापासून क्रमाने पाहिल्यास प्रसंगी १००० नावे तपासावी लागतील. मधले नाव पाहून प्रत्येक वेळी निम्मी यादी वगळल्यास जास्तीत जास्त १० तपासण्या पुरतात. २००० नावांना ११. मात्र यादी क्रमवार असणे ही पूर्वअट होय. हे समजण्यास संगणकही लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. प्रत्यक्षात वर्गात प्रथम प्रोग्रामिंगची भाषा येते, तीही इंग्रजी पाठ्यपुस्तकातून. परिणामी विद्यार्थी भाषेच्या अडचणीलाच स्वतःची अक्षमता समजतो.

व्यवसायपर्याय :
पहिल्या अभ्यासक्रमानंतर स्थूलमानाने तीन मार्ग संभवतात. शासकीय लिपिक पदांसाठी संगणक अर्हता व टंकलेखन उपयोगी पडते. तेथे साक्षरता पुरेशी आहे. लेखा, बँक, सहकारी संस्था यांत विषयज्ञानाला संगणकाची जोड हवी. सॉफ्टवेअर क्षेत्रासाठी मात्र बीसीए, एमसीए अथवा अभियांत्रिकी पदवी व तर्कशुद्ध विचाराचा सराव आवश्यक ठरतो. एमसीएचा कालावधी २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला असून बीसीए २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहे. हे बदल विद्यार्थ्यांना वेळीच सांगणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
पहिल्या सत्रातील गुणांवरून विद्यार्थ्याचा कल ठरवू नये. आरंभीचे काही तास मराठीतून, परिसरातील उदाहरणांद्वारे रीत शिकविण्यास द्यावेत. भाषा नंतर यावी. त्यानंतरही विद्यार्थ्याने अन्य मार्ग निवडल्यास ते अपयश नव्हे, तो समजून घेतलेला निर्णय होय. भीतीपोटी विषय सोडणे आणि विचारपूर्वक दुसरा निवडणे यांतील अंतर राखणे, हेच प्राध्यापकाचे खरे कार्य होय.