शाळेतला धीर घरातून येतो

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पाठोपाठ आपल्या वस्त्यांत पोलिसांचे कोम्बिंग झाले. लेकरांनी ते पाहिले. अशी भीती घरात बोलली गेली नाही, तर शाळेत बाहेर पडते. सकाळी पोट दुखते, वर्गात तोंड उघडत नाही, चिडचिड वाढते. आपण त्याला 'आळशी' म्हणून मोकळे होतो.

दहा ते एकोणीस हे वय बोलणे मनाला लावून घेण्याचे. घरातली रोजची भांडणे, दारू, शेजारच्या पोराशी तुलना यांनी आत्मविश्वास खचतो. पैशाची अडचण असली तरी सोबत देता येते. परळच्या चाळीत, एकाच खोलीत, सुभेदार रामजी जागे राहत आणि रात्री दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवत. आज लेकरांना आठ तास झोप हवीच. घ्यायची ती सोबत.

रोज अर्धा तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवू. शाळेत काय झाले ते विचारू, मध्ये न बोलता ऐकू. चारचौघांत रागावणार नाही. मुलीलाही मुलाएवढाच अभ्यासाला वेळ देऊ.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेले राहिले, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आहे.