कुरआन वाचता येते, मग पत्र का नाही?

माझे अब्बा आखातात नोकरीला होते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा निळ्या-लाल काठाचे विमानाचे पाकीट घरी यायचे. पोस्टमन ते अम्मीच्या हातात द्यायचा आणि अम्मी माझ्या हातात. मी तेव्हा उर्दू शाळेत तिसरीला होते. ओट्यावर दादी, चाची, शेजारच्या दोघी-तिघी जमायच्या आणि मी मोठ्याने पत्र वाचायची. सगळ्यांना सलाम, कौलांच्या दुरुस्तीसाठी किती पैसे पाठवले, धाकट्याचा खोकला गेला का, हे सगळे मी घडाघडा वाचत असे. शेवटी दोन-चार ओळी फक्त अम्मीसाठी असत. त्याही मीच वाचायची, सगळ्यांसमोर. अम्मी पदर सावरत आत निघून जायची. मला वाटायचे, तिला चुलीवरचे दूध आठवले असेल.

काही महिन्यांनी अब्बांनी त्या ओळी लिहिणे बंद केले. त्याचे कारण समजायला मला स्वतःचे लग्न होईपर्यंत थांबावे लागले.

आणि हीच माझी अम्मी फजरनंतर रोज कुरआन पठण करायची. रमजानमध्ये एक खत्म तर ठरलेलाच. गल्लीतल्या मुली तिच्याकडे कायदा शिकायला यायच्या. त्या मुलींपैकी कोणाची मात्रा चुकली तर ती चुलीपाशी बसून आतून दुरुस्त करायची. मग अब्बांचे उर्दू पत्र तिला का वाचता येत नव्हते? अक्षरे तर बहुतेक तीच होती!

हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे पडून राहिला. बी.एड. झाले, शाळेत शिकवू लागले, आणि चार वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या बायकांसाठी घरीच वाचनवर्ग सुरू केला, तेव्हा त्याचे उत्तर हाती लागले.

ओळख अक्षरांची, भाषेची नाही

आपल्या जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात? सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, तिला. यातला ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण 82.34 टक्के होते. पुरुषांत ते 88.38, तर स्त्रियांत 75.87. म्हणजे दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक निरक्षर. त्या एकीमध्ये माझ्या अम्मीसारख्या कितीतरी जणी असतील, ज्या रोज वाचतात आणि तरीही निरक्षर गणल्या जातात.

नाजरा वाचनात डोळा अक्षर ओळखतो, जीभ उच्चार करते. हे कौशल्य लहान नाही. पण त्यात प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश दिलेला असतो. वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. छापील उर्दूत या खुणा बहुधा नसतात. अलिफ आणि सीन लागोपाठ लिहिले की तो ‘इस’ही असू शकतो आणि ‘उस’ही. कोणता, ते वाक्याच्या अर्थावरून ठरते. म्हणजे उर्दूत अर्थ लागला तर उच्चार लागतो, आणि नाजऱ्यात अर्थ न लागताही उच्चार लागतो. अम्मी पत्रावर जबर-जेर शोधत बसायची. शिवाय अब्बांचे अक्षर घाईचे, नुक्ते अर्धे दिलेले, अर्धे गाळलेले.

अडथळा एवढाच होता. पण तो कोणी तिला समजावून सांगितला नाही. ‘तुला नाही जमायचे’ एवढेच सांगितले.

माझी पहिली चूक

वर्ग सुरू केला तेव्हा नऊ जणी आल्या. वेळ ठेवली जोहरनंतरची, असरच्या आत संपणारी. त्यांना मराठी वाचायचे होते, कारण एस.टी.ची पाटी, रेशनचे कार्ड, बँकेचे पासबुक, दवाखान्याचा कागद सगळे मराठीतच. मी शाळेतून पहिलीचे पुस्तक आणले आणि फळ्यावर ‘अ’ काढला.

तिसऱ्या आठवड्याला तिघीच उरल्या.

सोडून गेलेल्यांपैकी एका खालांना घरी जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, “बेटा, माझा नातू हेच पुस्तक वाचतो. मी त्याच्या शेजारी बसून तेच गिरवायचे म्हणजे घरात हसे होते. आणि महिनाभर गिरवूनही मला माझे नाव वाचता येत नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. लहान मुलापुढे वेळ असतो. बाराखडी संपेपर्यंत ते थांबते. चाळिशी-पन्नाशीची बाई दिवसभराच्या कामातून तासभर काढून येते. त्या तासातून तिला उपयोगाचे काही मिळाले नाही तर ती दुसऱ्या दिवशी का येईल? मोठ्या माणसाकडे शब्दांचा साठा भरपूर असतो. व्यवहार कळतो, हिशेब तोंडी येतो. त्याला भाषा शिकवायची नसते, बोललेली भाषा कागदावर कशी दिसते तेवढे दाखवायचे असते.

शब्दापासून अक्षराकडे

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी नेमके हेच ओळखले होते. 1963 मध्ये आंजिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. ते लोकांच्या रोजच्या बोलण्यातले मोजके शब्द निवडत. त्यांतला ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा शब्द प्रसिद्ध आहे. आधी विटेवर, घरावर, मजुरीवर गप्पा. मग शब्दाचे तुकडे: ति-जो-लो. मग प्रत्येक तुकड्याचे कुटुंब: ता, ते, ति, तो, तु. आपली बाराखडीच की! फरक इतकाच, की बाराखडी शब्दानंतर आली, आधी नाही.

मीही पुस्तक बाजूला ठेवले. पहिल्या आठवड्याला तीनच शब्द घेतले: नळ, काम, पाणी. आमच्या मोहल्ल्यात नळाला पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे बोलायला विषय कमी पडला नाही. मग शब्द फोडले. न, ळ, क, म, प, ण, आणि दोन खुणा, काना व दुसरी वेलांटी. आता यातून नवे शब्द तुम्ही करा, असे सांगितले. कान, नाक, मान, पान, माळ, कमी निघाले. एकीने ‘नमक’ केला, दुसरीने ‘पाक’. मग काकी, मामी, नानी आल्या. सहा अक्षरांत निम्मे खानदान जमले! ज्या खाला सोडून गेल्या होत्या, त्या शेजारणीकडून हे ऐकून परत आल्या.

एक खबरदारी सांगते. नुसता अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करणे म्हणजे वाचन नव्हे. एक बाई एस.टी.ची पाटी बरोबर ओळखायच्या. एकदा त्याच गावाची पाटी वेगळ्या वळणाच्या अक्षरांत आली आणि त्या थांब्यावरच राहिल्या. म्हणून शब्द ओळखल्यावर तो फोडणे आणि पुन्हा जोडणे, हे दोन्ही झालेच पाहिजे.

जिथे अडते ती ठिकाणे

चार वर्षांत काही अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली अडचण डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. बाईला वाटते, आपले डोके चालत नाही. पहिल्या धड्याआधी चाळिशी लागली आहे का ते तपासून घ्या. आमच्या दोघींचे ‘न जमणे’ चष्म्याने संपले.

दुसरी, दिशेची. नाजरा वाचलेला हात वही उजवीकडून उघडतो. रागावू नका. ओळीच्या सुरुवातीला डावीकडे एक ठिपका काढून द्या, आठवड्याभरात सवय होते.

तिसरी, मात्रांची. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व यांत गोंधळ होतो. अशी जोडी एकाच दिवशी शिकवू नये. एक पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

चौथी अडचण लाजेची. ती सर्वांत मोठी. आमच्या एका चाचींची वही तांदळाच्या डब्यात असायची. आमच्या वर्गात लाल पेन नाही, हजेरी नाही, कोणी चुकले तर दुसरी हसत नाही. एवढे तीन नियम.

नाजऱ्यावरून उर्दूकडे

ज्यांना उर्दू हवे त्यांचा पाया तर आधीच घातलेला असतो. अरबीची 28 अक्षरे येतात. पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी मोजकीच नवी शिकायची. से, सीन आणि स्वाद यांचे उच्चार तिलावतीत वेगवेगळे असले तरी उर्दू बोलताना ते सारखेच होतात, हे एकदा सांगावे लागते. सुरुवातीला मी स्वतः जबर-जेर-पेश घालून वाक्ये लिहून देते. मग दर आठवड्याला थोड्या खुणा कमी करते. लहान मुलाच्या सायकलची मागची चाके काढतात तसे. वाक्ये मात्र त्यांचीच: “आज नळ आला नाही.” “मुलगी सासरहून आली.” अर्थ आधीच ठाऊक असल्याने खूण नसली तरी उच्चार आपोआप लागतो.

ही वाट नवी नाही

बद्रच्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटून जावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवलेली खंडणी आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत शिफा (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवले, हेही हदीसमध्ये आहे. शिकवणारीही स्त्री होती आणि शिकणारीही, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आणि मुंबईत कुलसुम सयानी होत्या. नभोवाणीवरच्या अमीन सयानींच्या या मातोश्री. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून, पडद्यातल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांनी साक्षरतेचे काम केले. त्यांना एक गोष्ट पुरती कळली होती: शिकल्यानंतर वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरते. म्हणून 1940 मध्ये त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढले. भाषा सोपी हिंदुस्तानी, आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. वीस वर्षे ते चालले. त्यांना पद्मश्री मिळाली, 1969 मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कारही मिळाला. पण आज आपल्या किती घरांत त्यांचे नाव घेतले जाते?

‘आता या वयात?’ असे म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गाव आठवावे. तिथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या वर्गात बसल्या.

सरकारी योजनेचा फायदा घ्या

‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे. 15 वर्षांवरील कोणीही निरक्षर व्यक्ती त्यात नाव नोंदवू शकते. शिकवणारे स्वयंसेवक असतात. जवळच्या शाळेत चौकशी केली की नोंदणी होते. शेवटी 150 गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी 50. ती मराठीप्रमाणे उर्दूतूनही देता येते. आमच्या वर्गातल्या पाच जणींनी ती दिली. प्रमाणपत्र मिळाल्यावर एकीने ते फ्रेम करून लावले. पण चाचणी म्हणजे शेवट समजू नये. घरात वाचायला काही आले नाही तर वर्षभरात ती फ्रेमच तेवढी उरेल.

गरज किती आहे ते सांगते. आमच्याच एका भगिनीने शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर ‘नुसती सही’ म्हणून अंगठा दिला. ती जामीन झाली होती, हे वसुलीला माणसे आल्यावर कळले. मोबाईलवर आलेला बँकेचा निरोप जो वाचून दाखवतो, त्याला आपली सगळी जमा-शिल्लक कळते. वाचता न येणाऱ्या बाईचे काहीच खासगी राहत नाही. तिचे पैसे नाही, तिचे दुखणे नाही, तिच्या नवऱ्याचे पत्रही नाही.

अम्मी माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षी आली. अब्बांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. लेकीच्या वर्गात बसायला तिला संकोच वाटायचा, म्हणून ती सर्वांच्या मागे भिंतीला टेकून बसायची. नाजरा पक्का असल्याने सात-आठ महिन्यांत ती उर्दू वाचू लागली. एका दुपारी तिने पलंगाखालची ट्रंक ओढली, जुन्या पाकिटांचे पुडके काढले, चष्मा घेतला आणि खोलीचे दार आतून लोटून घेतले. असरची अजान झाली तरी दार उघडले नाही. मी वाजवले नाही. त्या ओळी मी एकदा सगळ्यांसमोर वाचल्या होत्या. या वेळी वाचण्याची पाळी तिची होती.

भगिनींनो, बंधूंनो, वर्ग काढणे प्रत्येकाला जमणार नाही. पण घरात एक तरी अम्मी, दादी, खाला, मोलकरीण अशी असेलच. रोज वीस मिनिटे काढा. पहिल्या दिवशी तिला विचारा, “तुम्हाला काय वाचायचे आहे?” ती जे सांगेल, तोच पहिला धडा. आणि हा अंक वाचून झाला की रद्दीत टाकू नका. मोठ्या अक्षरातले एखादे पान तिच्यासमोर ठेवा आणि तिला वाचू द्या. अडली तरी लगेच सांगू नका. थोडे थांबा.