मागच्या अंगणातलं दुसरं घर: अमेरिकेत होम इन्स्पेक्टर त्याची फी कशी लावतो?

अम्मी-अब्बांना अमेरिकेला बोलावून घ्यायचं, तर त्यांना जिना चढावा लागू नये, त्यांची वेगळी खोली आणि वेगळं बाथरूम असावं. तिकडे स्थायिक झालेली आपल्याकडची कित्येक कुटुंबं घर शोधताना आधी हाच विचार करतात. म्हणून मागच्या अंगणात वेगळं छोटं घर असलेली प्रॉपर्टी दिसली की ती लगेच पसंत पडते. त्या घराला कुणी गेस्ट हाऊस म्हणतं, कुणी ग्रॅनी फ्लॅट, कागदोपत्री ते 'एडीयू' असतं. सौदा ठरतो, होम इन्स्पेक्टर येऊन जातो. आणि रिपोर्ट हातात आल्यावर कळतं की जिथे अम्मी-अब्बा राहणार, ते घर त्याने पाहिलेलंच नाही!

यात इन्स्पेक्टरने फसवलं असं सहसा नसतं. फी ठरवताना त्या घराचा विषयच निघालेला नसतो.

आपल्याकडे घर घेताना आपण वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढतो, जमीन असेल तर सात-बारा बघतो. बांधकाम तपासायला फार तर ओळखीचा मिस्त्री नेतो. अमेरिकेत मात्र खरेदीदार स्वतःच्या खिशातून होम इन्स्पेक्टरला पैसे देतो. तो दोन-तीन तास छप्पर, पाया, वायरिंग, नळ, गटाराचे पाइप, हीटर, एसी बघतो आणि फोटोंसह लेखी रिपोर्ट देतो. साधारण घराला यासाठी ३०० ते ५०० डॉलर पडतात. हा दर सरकार ठरवत नाही. टेक्सास, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय या राज्यांत इन्स्पेक्टरला लायसन्स लागतं, कॅलिफोर्नियात तेही लागत नाही. फी मात्र सगळीकडे ज्याची त्याची.

मूळ फीत काय येतं?

अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही या व्यवसायातली जुनी संघटना, १९७६ ची. तिच्या नियमांनुसार गॅरेज आणि कारपोर्ट सोडून आवारातल्या इतर इमारती तपासणं इन्स्पेक्टरवर बंधनकारक नाही. टेक्सासमध्ये राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनने रिपोर्टचा नमुनाच ठरवून दिला आहे. त्यात आवारातल्या इतर इमारती, स्विमिंग पूल, खासगी बोअरवेल आणि सेप्टिक टँक हे सगळं 'ऑप्शनल' या भागात येतं. म्हणजे तुम्ही सांगितलं आणि त्याने कबूल केलं तरच तो तपासणार, आणि त्याचे पैसे वेगळे.

आता हे वेगळे पैसे किती? इथे इन्स्पेक्टर एकच हिशोब करतो: मला तिथे किती वेळ जाईल आणि रिपोर्टची किती पानं वाढतील? आठ बाय दहाची लाकडी शेड, वीज नाही, नळ नाही. ती दहा मिनिटांत बघून होते. काही जण तिचे पैसेही घेत नाहीत. स्वतंत्र गॅरेजमध्ये वीज आली की काम वाढतं. गेस्ट हाऊसमध्ये तर किचन, बाथरूम, गरम पाण्याची टाकी, एसी, स्वतःचं छप्पर असं सगळंच असतं. शिवाय मुख्य घरातून तिथे वीज नेलेली असते, तिचा वेगळा सबपॅनल असतो. तो उघडून न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळं ठेवलंय का, त्या इमारतीला स्वतःचा अर्थिंग रॉड आहे का, हे बघावं लागतं. घरमालकाने स्वतःच्या हाताने जोडकाम केलेलं असेल तर गडबड बहुधा इथेच सापडते. घर आकाराने लहान असलं तरी यंत्रणा सगळ्या पूर्ण घराच्याच, त्यामुळे चौरस फुटांवरून कामाचा अंदाज येत नाही.

तरी काही इन्स्पेक्टर चौरस फुटांवरच दर लावतात, काही प्रत्येक इमारतीमागे ठरावीक रक्कम घेतात, तर काही गेस्ट हाऊसला दुसरं घर धरून सवलतीची वेगळी फी सांगतात. समजा, मुख्य घर २,२०० चौरस फूट, त्याची फी ४५० डॉलर आणि मागचं घर ६०० चौरस फूट. पहिला एकूण २,८०० धरून ५२० सांगेल. दुसरा सरळ १५० वाढवून ६०० करेल. तिसरा मूळ फीच्या निम्मे, म्हणजे २२५ जादा मागेल. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) ५२० वाला स्वस्त वाटतो खरा, पण तो सबपॅनल उघडणार आहे का, छपरावर चढणार आहे का, हे विचारल्याशिवाय ही तुलना फसवी आहे.

आकड्यातली गफलत

खरेदीदार फोनवर क्षेत्रफळ सांगतो ते जाहिरातीतलं. पण अमेरिकेत घराचं क्षेत्रफळ मोजण्याचं जे मानक आहे, त्यात मुख्य घराला आतून न जोडलेली इमारत धरत नाहीत. फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या मोठ्या संस्थेने एप्रिल २०२२ पासून मूल्यांकनासाठी हे मानक सक्तीचं केलं. त्यामुळे जाहिरातीत २,२०० लिहिलं असेल तर मागचे ६०० बहुतेक त्यात नसतात. इन्स्पेक्टर २,२०० वर फी सांगतो, तेवढाच वेळ राखून ठेवतो आणि त्या दिवशी येऊन बघतो तर मागे अख्खं घर! मग तो जागेवर जादा पैसे मागतो किंवा दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणतो, आणि त्या फेरीची फी वेगळी.

टेक्सासमध्ये ही दुसरी फेरी महागात पडू शकते. तिथे खरेदीदार थोडी रक्कम भरून काही दिवसांचा 'ऑप्शन पीरियड' घेतो. त्या मुदतीत कुठल्याही कारणाने सौदा सोडता येतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती मुदत संपते. मागच्या घराचा रिपोर्ट सहा वाजता आला तर त्याचा उपयोग काय?

वाळवीची तपासणी हा आणखी वेगळा विषय. टेक्सासमध्ये त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं आणि कोणकोणत्या इमारती पाहिल्या हे रिपोर्टवर लिहावं लागतं. तिथे फक्त मुख्य घराचं नाव असेल तर गेस्ट हाऊसच्या लाकडाची खात्री कुणीच दिलेली नाही असं समजा. परवानगीचंही तसंच. ते घर नगरपालिकेची परवानगी घेऊन बांधलंय का, हे होम इन्स्पेक्टर तपासत नाही, कितीही फी दिली तरी. ते शहराच्या बांधकाम खात्यातच विचारावं लागतं.

एक गोष्ट मात्र खरेदीदाराच्या बाजूची आहे. वर सांगितलेल्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार इन्स्पेक्टरची फी तो काय दोष काढतो किंवा सौदा होतो की नाही, यावर अवलंबून ठेवता येत नाही. त्यामुळे जादा इमारतीची फी आधीच ठरलेली असते आणि ती करारात लिहून घेता येते. सही करण्यापूर्वी करारात त्या इमारतीचं नाव आहे का ते बघा. 'प्रॉपर्टी' एवढाच शब्द असेल तर 'मागचं गेस्ट हाऊस, किचन-बाथरूमसह' असं लिहायला सांगा. फोनवर 'हो, बघतो ना' म्हणाला, एवढ्यावर राहू नका. बऱ्याच करारांत नुकसानीची जबाबदारी दिलेल्या फीपुरतीच ठेवलेली असते, तेही वाचा.

आणि चावीची सोय आदल्या दिवशीच करा. बंद मेन स्विच इन्स्पेक्टर सहसा स्वतः चालू करत नाही, कुलूप तर तोडणारच नाही. गेस्ट हाऊस बंद असेल, वीज किंवा गॅस तोडलेला असेल, तर तो रिपोर्टमध्ये 'तपासता आलं नाही' असं लिहितो, आणि परत यायचं तर पुन्हा फी सांगतो.