खिशातला चाकू कसा पारखावा?

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक पांढरट वण आहे. आठवीत असताना मी जत्रेतून घडीचा चाकू आणला होता. पाते आरशासारखे चकाकत होते, मुठीवर मोर होता. त्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी कामट्या तासताना चाकूचे टोक बांबूच्या पेरात रुतले. मी नेटाने पुढे रेटले आणि पाते सटकन मिटले, ते माझ्या बोटावरच! चार टाके पडले. वडिलांनी चाकू दोनदा उघडून-मिटून पाहिला आणि म्हणाले, "अरे, याच्या कमानीत जीवच नाही." या वाक्याचा अर्थ नीट समजायला मला पुढे पदार्थविज्ञान शिकावे लागले.

घडीच्या चाकूत महत्त्वाचे भाग तीनच. पाते, ते ज्याभोवती फिरते तो खिळा आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजे कमान. पात्याच्या बुडाला सपाट कडा असतात आणि त्यांच्यामध्ये कोपरा असतो. पाते उघडताना हा कोपरा कमानीला वर उचलतो आणि तिच्यात ऊर्जा साठते. कोपरा ओलांडला, की कमान ती ऊर्जा परत देऊन पात्याला पुढच्या सपाट कडेवर ढकलते. 'खट्' असा आवाज येतो तो याच क्षणी. दोन खळग्यांच्या मधल्या उंचवट्यावरून गोटी ढकलावी, तसाच हा प्रकार.

आता थोडे गणित करू. समजा, पात्याच्या टोकावर मिटण्याच्या दिशेने १० न्यूटन, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतके बल पडले. टोक खिळ्यापासून ६ सेंटिमीटर दूर आहे, तर परिबल झाले ०.६ न्यूटन-मीटर. कमान मात्र खिळ्यापासून जेमतेम ५ मिलिमीटरवर दाबते. पाते उघडे ठेवायचे तर तिला बारापट, म्हणजे १२० न्यूटन बल लावावे लागेल! माझ्या चाकूची कमान साध्या मऊ पत्र्याची होती. एकदा वाकली की वाकलेलीच राही, कारण तिची स्थितिस्थापकतेची मर्यादा केव्हाच ओलांडली जाई.

पण चांगली कमानही शेवटी हरतेच. म्हणून ज्याला टोकाने काम करायचे आहे त्याने कुलूप असलेला चाकू घ्यावा. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक अगदी साधा चाकू बनवला. त्यात कमान नव्हतीच. पाते घर्षणावर राही. १९५५ मध्ये त्याला खाच असलेले एक पोलादी कडे बसवण्यात आले. कडे फिरवले, की खाच बाजूला सरकते आणि पात्याची मिटण्याची वाटच बंद होते. कमानीच्या जोराचा येथे प्रश्नच उरत नाही. इतका सोपा उपाय सुचायला पासष्ट वर्षे लागावीत, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता पात्याकडे वळू. चकाकीवर जाऊ नका. पॉलिश मऊ लोखंडालाही करता येते. खरा प्रश्न असतो पोलादाला 'पाणी' कसे दिले आहे हा. साधे कार्बनी पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केले, की मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते. ती अतिशय कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून पाते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून थोडे नरमावतात. तापवता तापवता घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा रंग येतो. हे रंग ऑक्साइडच्या पातळ थराचे. साबणाच्या फुग्यावरच्या रंगांचे भाऊबंदच. पात्याला पिवळा पुरे, कमानीला निळा हवा. पाते कठीण आणि कमान चिवट, असे दोन स्वभाव एकाच चाकूत नांदतात!

कठीणपणा रॉकवेल यंत्राने मोजतात. त्यात हिऱ्याचा शंकू पोलादात दाबून तो किती रुतला ते पाहतात. खिशातल्या चांगल्या चाकूचा आकडा साधारण ५५ ते ६० असतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने १८८४ साली सुरू केलेल्या कारखान्याचे लाल मुठीचे चाकू तुम्ही पाहिले असतील. त्यांचे पाते ५६ च्या आसपास असते. ते स्टेनलेस स्टीलचे असते, म्हणजे त्यात भरपूर क्रोमियम असते आणि क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर त्याचे रक्षण करतो. कार्बनी पोलादाच्या पात्याने लिंबू कापून तसेच ठेवा. ते लगेच काळवंडेल.

धारेचे काम दाबाचे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. धार एक मायक्रॉन रुंद असेल आणि ५ सेंटिमीटर लांबीवर १० न्यूटन बल लावले, तर दाब होतो २० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट. तीच धार झिजून २० मायक्रॉन झाली, तर तेवढ्याच दाबासाठी वीसपट जोर हवा. बोथट चाकू अधिक धोकादायक तो यामुळेच. जोर लावला, की हात घसरतो. धार तपासायला अंगठा फिरवू नका. पाते दिव्याखाली धरा आणि धारेकडे पाहा. तीक्ष्ण धार दिसत नाही. बोथट धारेवर प्रकाश परावर्तित होऊन पांढरी रेघ चमकते.

विकत घेताना पाते उघडून बाजूला हलवून पाहा. खिळ्यात खुळखुळ असेल तर परत ठेवा. चाकू घरच्यांना विचारूनच घ्या. तो शाळेत न्यायचा नाही, आणि विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही. खिळ्याला अधूनमधून तेलाचा एक थेंब पुरतो.

धार लावायला निसण्यावर पाते सुमारे २० अंशांत धरतात. कोन कळावा म्हणून कागदाचा काटकोन दोनदा दुमडा. साडेबावीस अंश मिळतील, तेवढे चालतात. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा मात्र लक्ष ठेवा. कड निळी पडली, तर ती ३०० अंशांवर गेली असे समजा. त्या जागेचे पाणी उतरले; कितीही घासा, तेथे धार टिकत नाही. जाणता धारवाला पाते मधूनमधून पाण्यात बुडवतो, ते यासाठीच.