पावलांचा कोटा कोणी ठरवायचा?

‘कोटा’ या शब्दाशी आमचे जुने वैर आहे. कामगारांवर वरून लादलेल्या आकड्यांशी भांडण्यातच आमची उमेद गेली. तेव्हा व्यायामासाठी उद्दिष्ट ठरवा असे आम्हीच सांगावे, ही थोडी गंमतच म्हणायची.

पण श्रोतेहो, एक जुनी पाहणी ऐका. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. (भरतीच्या वेळीच ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला अधिक रुंद होत्या, हेही मॉरिसांनीच १९५६ साली दाखविले; तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येत नाही.) तथापि कंडक्टरला कसला संकल्प सोडावा लागला नाही. त्याचे उद्दिष्ट गाडीतच बांधलेले होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या कामातून तो जिना गेला, म्हणून तो आता आपला आपण बांधायचा.

आम्हीही बांधावयास गेलो. रक्तात साखर निघाली त्याच संध्याकाळी रोज दहा हजार पावलांची प्रतिज्ञा केली. अकराव्या दिवशी गुडघा सुजला. बाराव्या दिवशी, मोडलेच आहे तर आता कशाला, असे म्हणून सारेच सोडले. पुढे वाचनात आले की १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ या अर्थाचे होते. आकडा वैद्यांचा नव्हे, विक्रेत्यांचा! म्हणजे कोटा पुन्हा दुसऱ्याचाच. २०१९ साली अमेरिकेतील सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत, रोज सत्तावीसशे पावले चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि साडेसात हजारांपुढे लाभ फारसा वाढला नाही.

मग ‘जमेल तितके चालू’ म्हणावे काय? तेही फसते. १९७५ साली प्रसिद्ध झालेला ओक्लाहोमातील लाकूडवाहू ट्रकचालकांवरील प्रयोग पाहा. ट्रक कायदेशीर मर्यादेच्या साठेक टक्केच भरले जात. चालकांना ९४ टक्के हा नेमका आकडा दिला, तेव्हा काही महिन्यांत भरती नव्वदीजवळ गेली. जादा मजुरी नव्हती (यावर आम्ही युनियनवाले अर्थातच भांडलो असतो), पण आकडा न गाठणाऱ्यास शिक्षा नाही, हे आधीच सांगितले होते. ही अट आम्ही उचलली.

आता आमचा स्वतःशी करार असा: आठवडाभर नेहमीची पावले नुसती मोजली; सरासरी एकतीसशे निघाली. तीवर पाचशे वाढवायची, दोन आठवडे ती टिकली तरच पुढील पाचशे. आठवड्यात दोन हक्काच्या सुट्ट्या. कचेरीच्या कॅलेंडरवर हजेरी मांडतो. गेल्या महिन्यात चार खाडे पडले. ते लाल शाईत तसेच ठेवले आहेत, आणि पाचव्या दिवशी पुन्हा कामावर रुजू झालो.