सावरायला किती वेळ?

नेटवर्कच्या गेल्या चाळीस वर्षांकडे पाहताना माझे लक्ष वेगापेक्षा दुसऱ्याच आकड्याकडे जाते: बिघाड झाल्यावर सावरायला लागणारा वेळ.

१९८०च्या दशकात हा वेळ माणसाच्या हातात होता. सगळे संगणक एकाच कोअ‍ॅक्स केबलवर. एखादा जोड सैल झाला किंवा टोकाचा टर्मिनेटर निघाला, की सगळेच ठप्प. मग टेबलांखाली वाकून एकेक जोड तपासायचा. १९९०मध्ये इथरनेटचा १०बेस-टी हा प्रकार आला, प्रत्येकाला हबपासून स्वतंत्र वायर मिळाली आणि बिघाड ज्याचा त्याच्यापुरता राहू लागला.

पण नेटवर्कचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या दोन ब्रिजमधलीच वायर तुटली तर? जादा वायर टाकावी, तर लूप होतो. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पुडक्याला, आयुष्यमर्यादा नाही. ती लूपमध्ये फिरतच राहते आणि नेटवर्क गुदमरते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये हा पेच सोडवला. त्यांच्या स्पॅनिंग ट्रीत ब्रिज आपसांत निरोप धाडून एकाला मूळ मानतात, जादा वाटा अडवतात आणि चालू वाट तुटली की अडवलेली खुली करतात. वरून हुकूम देणारे कुणी नाही. इतकी साधी आणि इतकी खोल कल्पना या क्षेत्रात मला दुसरी दिसत नाही. मात्र खात्री होईपर्यंत थांबण्यात ३० ते ५० सेकंद जात. २००१च्या रॅपिड आवृत्तीत ब्रिज शेजाऱ्याची थेट संमती घेऊ लागले आणि काम बहुधा सेकंदाच्या आत उरकू लागले.

नोव्हेंबर २००२मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात मात्र हीच व्यवस्था कोलमडली. स्पॅनिंग ट्री सात टप्प्यांपर्यंत ठेवावी अशी शिफारस. तिथे जोडत जोडत नेटवर्क त्यापलीकडे वाढले होते. डेटाचा लोंढा आला, ब्रिजांचे निरोप वेळेवर पोचेनात, आणि लूप झाले. काही दिवस डॉक्टर-परिचारिकांनी कागदावर काम केले. रुग्णालयाने ही हकिगत उघडपणे सांगितली, म्हणून इतरांना आपली जाळी तपासता आली. याचे मोल मोठे आहे.

वीज उपकेंद्रांत आता पीआरपी पद्धत दिसते: प्रत्येक फ्रेम दोन स्वतंत्र नेटवर्कांवरून एकदमच निघते, आधी पोचलेली घेतात, दुसरी टाकतात. सावरण्याचा वेळ शून्य, पण स्विच आणि वायरी दुप्पट. कचेऱ्या-शाळांना ते परवडत नाही. तिथे ट्रीच राखण करते. ती कुणी बंद करून ठेवली असेल, तर वायरची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली तरी सगळे नेटवर्क आजही बंद पडते.