कमठ्याची ओढ

जनकाच्या सभेत रामाने शिवधनुष्य मोडले याचे कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. ते धनुष्य घडविणाऱ्या विश्वकर्म्याला त्या कडाक्याच्या आवाजाने काय वाटले असेल, याची चौकशी मात्र कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. मराठी शिकविणाऱ्या माणसाने ती करावी हे थोडे विक्षिप्त दिसेल. पण रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला धनुष्य केवळ पुराणातच भेटते असे नाही. अलिबागहून मुरूडकडे निघालात, की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर. त्या डोंगरांच्या आधाराने कातकऱ्यांच्या वाड्या आहेत आणि तिरकमठा हे कातकऱ्यांचे जुने हत्यार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य झाले. नबाबी तर त्याआधीच गेली होती.

कमठ्याला मात्र आता दुसरे काम मिळाले आहे. आपल्याकडच्या तिरंदाजीच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य घेऊन नेम मारायचा. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जगज्जेतेपद मिळविले ते ‘कंपाउंड’ धनुष्यावर. त्याला कप्पी असते, तारा असतात, आणि किल्लीने स्क्रू पिळला की जोर कमी-जास्त करता येतो. ते धनुष्य महाग. वाडीवरच्या मुलीच्या हाती येते ते बांबूचे, आणि त्याला स्क्रू नाही. मुलगी वर्षाला दोन-दोन इंच वाढते. धनुष्य वाढत नाही. मग प्रश्न पडतो: पुरे झालेल्या धनुष्याचा जोर वाढवता येईल काय?

या जोराला आपण ‘ओढ’ म्हणू. माहेरचीही ओढच असते, आणि तीही ताणाबरोबरच वाढते! तिरंदाज ती पौंडात मोजतात. धनुष्याची मूठ भिंतीतल्या मजबूत खुंटीवर टेकवावी, दोरीला ताणकाटा अडकवावा आणि मुलगी जितकी दोरी ओढते तितकी ओढून आकडा वाचावा. हे मोजणे अगोदर करावे, कारण पुष्कळदा अर्धे काम मुलीने स्वतःच केलेले असते. समजा, गेल्या वर्षी ती चोवीस इंच ओढीत होती आणि काटा वीस पौंड दाखवीत होता. यंदा हात लांबला आणि ती सव्वीस इंच ओढू लागली, तर तेच धनुष्य सुमारे बावीस पौंडांचे झाले! पंचविसाचे हवे असेल तर उरले तीनच पौंड. हा हिशेब न करता जो कोयता घेऊन बसतो, तो धनुष्यावर दुहेरी ओझे घालतो.

आता बांबूचा स्वभाव पाहू. पट्टी रुंदीने दुप्पट केली तर तिचा कणखरपणा दुप्पट होतो. जाडीने दुप्पट केली तर आठपट. जाडीचा घन होतो, म्हणून हे असे. याची उलटी बाजू कारागिराला रडविते. जाडीचा दहावा हिस्सा तासून टाकला, तर ओढीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग जातो. रंध्याचे चार हात जास्त फिरले की तीस पौंडांचे धनुष्य बावीसवर येते, आणि उडालेला भुसा परत चिकटविता येत नाही.

पण लांबीचाही असाच घन होतो, आणि तो आपल्या बाजूने काम करतो. साठ इंचांच्या धनुष्याची दोन्ही टोके दोन-दोन इंच कापली, तर कागदावरच्या हिशेबाने ओढ सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढते. खाचा पुन्हा पाडायच्या, दोरी आखूड करायची, की झाले. हा सर्वांत सोपा उपाय. मात्र फुकटचा नव्हे. आखूड झालेल्या बांबूला तेवढेच वाकायचे तर त्याच्या अंगावरचा ताण सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. त्यात मुलीचा हात लांबलेला! म्हणून एका वेळी एका बाजूचा अर्धा इंचच कापावा, तितकाच दुसऱ्या बाजूचा, आणि दर वेळी ताणकाट्यावर पाहावे. दोन्ही भुजा सारख्या वाकत नसतील तर ताठ भुजेच्या पोटावरून काचेच्या तुकड्याने थोडे खरवडावे. त्यात कमावलेल्यातले थोडे जाईल, ते जाऊ द्यावे. पाठीला, म्हणजे बांबूच्या हिरव्या सालीच्या अंगाला, शस्त्र लावू नये. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. सालीतले दाट धागे तो ताण सोसतात.

दुसरा उपाय विस्तवाचा. पोटाकडची बाजू निखाऱ्यांवर धरून सावकाश बदामी होईपर्यंत शेकायची आणि गरम असतानाच धनुष्य किंचित उलट्या दिशेला वाकवून बांधून ठेवायचे. निवले की तो बाक बराचसा टिकतो आणि पोट कठीण होते. मग काही दिवस दोरी चढवायची नाही. फार कोरडा बांबू कडकन् मोडतो. आमच्या किनाऱ्यावर उलटी अडचण आहे. आषाढ-श्रावणात बांबू हवेतले पाणी पितो आणि सैलावतो. पावसाळ्यात धनुष्य ‘मेले’ असे वाटले, तर ते आधी चुलीवरच्या माळ्यावर ठेवून पाहावे.

तिसरा उपाय पाठीवर दुसरी पट्टी चिकटविण्याचा. विष्णूचे शार्ङ्ग म्हणजे शब्दशः शिंगाचे. पोटाला शिंग, पाठीला जनावराचे स्नायू आणि मध्ये लाकूड अशी धनुष्ये एके काळी मोठ्या मानाची होती. पण ती सरसाने जोडलेली, आणि सरस दमट हवेला भितो. आपल्याकडे पोलादी धनुष्येही होत, त्यामागे हे एक कारण सांगतात. घरच्या घरी मात्र एवढ्या खटपटीपेक्षा नवा बांबू तोडणे सोपे.

एक खोटा उपायही आहे. दोरीला जादा पीळ देऊन ती आखूड केली की काट्यावर पौंड-अर्धा पौंड जास्त दिसतो आणि मुलगी खूष होते. पण दोरी बाणाला ढकलते ते अंतरच कमी झाल्याने बाणाला त्याचा फायदा होत नाही.

यांतले काहीही करण्यापूर्वी धनुष्याची दोरी उतरवावी, ते उन्हात धरावे आणि पोटावरून नख फिरवावे. आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या लागल्या, तर तेथले धागे दाबून चिरडलेले आहेत. अशा धनुष्याला कापू नये, शेकू नये, त्याची ओढही वाढवू नये. धाकटा भाऊ असेल तर त्याला द्यावे. त्याचा हात अजून अठरा इंचांपलीकडे जात नाही.